किल्ली कोणाकडे आहे?

माझ्या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू मेलेल्या माणसाची आहे.

सोफा, जेवणाचं टेबल, दोन दिवे, काचेच्या सहा ताटल्या, इस्त्री, अगदी नारळ फोडायला वापरतो तो हातोडाही. सगळं 'इस्टेट सेल'मधून आणलेलं. आम्ही राहतो तिथे ही नेहमीची गोष्ट आहे. घरातलं शेवटचं माणूस गेलं, की मुलं विमानानं येतात, आठवडाभर राहतात, फोटो आणि दागिने उचलतात आणि उरलेलं घर एका एजंटच्या ताब्यात देऊन परत जातात. एजंट चमच्यांपासून कपाटांपर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतो. शनिवारी सकाळी दार उघडतं. आपण एका अनोळखी माणसाच्या बेडरूममध्ये उभे असतो आणि कपाटात त्याचे शर्ट अजून इस्त्री करून टांगलेले असतात.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली.

"मेलेल्या माणसाचा पलंग घेतलास?"

"पलंग नाही गं, सोफा."

"तेच ते. मी गंगाजलाची बाटली दिली होती बॅगेत. शिंपडलंस?"

शिंपडलं, असं सांगितलं. नंतर खरंच शिंपडलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मला शिकागोतल्या एका कंपनीची ऑफर आली. पगार बरा, शहर मोठं, माझ्या वयाची माणसं. उत्तर द्यायला दोन आठवडे. सॉफ्टवेअरवाला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. एक शीट उघडली, दोन कॉलम केले: फायदे आणि तोटे. इथे चार वर्षं राहून मला काय मिळालं आणि काय नाही, ते एका रात्रीत लिहून होईल असं वाटलं होतं. शीट अजून उघडीच आहे.

इथे म्हणजे कुठे

नेपल्स. इटलीतलं नव्हे, फ्लोरिडातलं. नाव मात्र तिथूनच उचललेलं. १८८०च्या दशकात केंटकीतल्या काही पैसेवाल्यांनी इथली जमीन घेतली. त्यांत लुईव्हिलच्या एका वर्तमानपत्राचे मालक वॉल्टर हॉल्डमन होते. इथला किनारा इटलीतल्या नेपल्सच्या तोडीचा आहे, अशी जाहिरात झाली आणि तेच नाव चिकटलं. १८८८ साली समुद्रात लांब लाकडी धक्का बांधला, कारण यायला रस्ताच नव्हता. माणसं आणि सामान बोटीनं उतरायचं. टँपा ते मायामी हा टॅमिआमी ट्रेल रस्ता १९२८मध्ये पूर्ण झाला आणि मग हळूहळू माणसं यायला लागली.

आज २०२०च्या जनगणनेनुसार मूळ शहरात १९,११५ माणसं आहेत आणि त्यातली अर्ध्याहून अधिक पासष्टीच्या पुढची आहेत. हद्दीबाहेर पसरलेली वस्ती याच्या कित्येक पट आहे. मी त्या हद्दीबाहेरच्या भागात, ईस्ट नेपल्समध्ये, दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. समुद्रावरच्या घरांच्या किमती कोटी डॉलरच्या पुढे जातात. माझ्या बाल्कनीतून पार्किंग दिसतं.

ही माणसं इथेच का येतात याची कारणं दोन. पहिलं, ऊन. मिशिगनच्या उत्तर टोकापासून निघणारा ७५ नंबरचा महामार्ग थेट इथपर्यंत येतो, म्हणून इथे मिशिगन, ओहायो, इंडियानाची माणसं जास्त. दुसरं कारण कर. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. पण न्यूयॉर्कसारख्या राज्यात घर ठेवून तिथे वर्षाचे १८३पेक्षा जास्त दिवस राहिलात, तर ते राज्य तुमच्याकडून कर मागतं. त्यामुळे इथली काही माणसं दिवस मोजून जगतात. क्लबातल्या एका आजोबांच्या फोनमध्ये त्यासाठी वेगळं ॲप आहे. मी व्हिसाचे दिवस मोजतो, ते कराचे. आमची मैत्री तिथूनच झाली.

आपल्याकडे वानप्रस्थ म्हणजे सगळं सोडून वनात जाणं. इथल्या वनात गोल्फचं मैदान आहे, एवढाच फरक.

पहिला कॉलम

फायदे लिहायला वेळ लागला नाही.

रात्री दोन वाजता फिरायला जा, भीती नाही. रस्त्यावर खड्डा नाही. ग्रंथालय उत्तम. जानेवारीत अर्धी अमेरिका बर्फ उपसत असते तेव्हा मी चप्पल घालून किनाऱ्यावर असतो. रोज संध्याकाळी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन सूर्यास्त बघायला येतात आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात. पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. आता मीही वाजवतो.

पण खरा फायदा मला उशिरा दिसला. हे गाव म्हाताऱ्या शरीराला गृहीत धरून बांधलंय. दारं आपोआप उघडतात. फुटपाथची कड प्रत्येक चौकात रस्त्याला टेकते. थोड्या थोड्या अंतरावर बाक आहे. किनाऱ्यावर फुग्यासारख्या जाड चाकांची व्हीलचेअर मिळते, ती वाळूत रुतत नाही. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला आमच्या गावच्या एसटीची पहिली पायरी आठवली. आईचे गुडघे गेलेत. ती एका हातानं दांडा धरते, दुसरा हात मागच्या बाईला देते, आणि मागची बाई तिला वर ढकलते. इतकी वर्षं मी ते बघत आलो आणि मला ती आईच्या गुडघ्यांची अडचण वाटत होती. ती पायरीची अडचण आहे, हे मला इथे येऊन कळलं.

आणखी एक फायदा म्हणजे इथल्या माणसांकडे वेळ आहे. ती बोलतात. शेजारच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. १९७०च्या दशकात कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहायचे. मी काय करतो हे कळल्यावर म्हणाले, "माझा कोड अजून चालतोय. मी थांबलो." त्यांच्याबरोबर मी पिकलबॉल खेळतो. टेनिस आणि पिंगपाँगच्या मधला हा खेळ इथला जवळजवळ धर्म आहे. २०१६पासून त्याची यू. एस. ओपन स्पर्धा आमच्याच भागातल्या एका उद्यानात भरते. मी अठ्ठावीस वर्षांचा, ते चौऱ्याहत्तर. चार वर्षांत मी त्यांना तीनदा हरवलंय. त्यातल्या एका वेळी त्यांना ताप होता.

दुसरा कॉलम

तोटेही लगेच सुचले. माझ्या वयाचं कोणी नाही. ऑफिसात तरुण पोरं येतात, दोन वर्षं काढतात, ऑस्टिनला किंवा अटलांटाला जातात. डेटिंग ॲप उघडलं की चौथ्या प्रोफाइलनंतर ते मला दीडशे किलोमीटर पलीकडे, मायामीच्या बाजूला ढकलतं. जेवणाची गर्दी संध्याकाळी पाचला, नऊला सगळीकडे सामसूम. गणपतीला टँपाला जायचं म्हणजे अडीच तास गाडी.

मग भाडं. २०२२मध्ये माझं भाडं एका पत्रानं १६५० डॉलरवरून २२०० झालं. पगार नियमित असल्यामुळे मी तरलो. माझ्या समोरच्या दारात राहणारी नर्स तरली नाही. ती लीहाय एकर्सला राहायला गेली आणि रोज जाऊन-येऊन दोन तास गाडी चालवायला लागली. इथे घरमालकांना एक कायदा सांभाळतो. स्वतः राहतात त्या घराचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी आलेले आजोबा शेजारच्या तशाच घरात नव्यानं आलेल्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतात. आधी आला तो सुरक्षित. भाडेकरूसाठी असा कुठलाच कायदा नाही.

सकाळी सात वाजता पूर्वेकडून येणाऱ्या रस्त्यांवर उभं राहिलं की हे गाव कसं चालतं ते दिसतं. इमोकलीहून, गोल्डन गेटहून, लीहायहून गाड्यांची रांग लागलेली असते. हिरवळ कापणारे, छप्पर घालणारे, स्वयंपाकी, नर्सा, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बाया. ग्वातेमाला, मेक्सिको, हैती, क्यूबा. संध्याकाळी हीच रांग उलटी. आणि त्या रांगेत शेवटी मीही, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा.

म्हाताऱ्यांनी मुलांपासून दूर येऊन वसवलेलं हे गाव दुसऱ्यांच्या मुलांवर चालतं. हे वाक्य मी तोट्यांच्या कॉलममध्ये लिहिलं. मग ते तिथून काढलं. मग परत घातलं. कारण तोपर्यंत मला माझं गाव आठवायला लागलं होतं.

दोन वादळं

माझं गाव श्रीवर्धन. रायगड जिल्ह्यात, समुद्रावर. पेशव्यांचं मूळ गाव म्हणून पुस्तकात असतं, आणि बाजारात रोठा सुपारीसाठी ओळखलं जातं. बाबा शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले आणि वाडी बघायला लागले. मी एकुलता एक.

आमच्या आळीत सात घरं. पाचांत फक्त म्हातारी माणसं. मुलं मुंबईला, पुण्याला, दुबईला, आणि एक मी. म्हणजे बघा, मी जन्मलो तेही समुद्राकाठचं म्हाताऱ्यांचं गाव आणि राहतो तेही. इथे म्हातारे मुलांना सोडून आले. तिथे मुलं म्हाताऱ्यांना सोडून गेली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ नेमकं आमच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. मी तेव्हा अमेरिकेत एम. एस. करत होतो, कोविडमुळे खोलीत बंद. दुपारपर्यंतच्या वाऱ्याचे व्हिडिओ आले आणि मग फोन बंद. टॉवर पडले, खांब पडले, रस्ते झाडांनी अडले. चार दिवस मला काहीच कळलं नाही. मी हवामान खात्याचे नकाशे बघत बसलो होतो, जणू नकाशात आमची कौलं दिसणार आहेत. पाचव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून बाबांचा आवाज आला. "आम्ही बरे आहोत. वाडी झोपली."

वारा वाढायला लागला तेव्हा शेजारचा दादा आमच्या घरी आला होता. त्यानं आई-बाबांना कौलारू घरातून उठवून स्वतःच्या स्लॅबच्या घरात नेलं. आळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना नेलं. तासाभरात आमच्या पडवीवर आंब्याची फांदी पडली. आई दुपारी तिथेच आडवी होते.

इयान आलं २८ सप्टेंबर २०२२ला. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा वारा घेऊन ते आमच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढलं. फोर्ट मायर्स बीच जवळजवळ पुसलं गेलं. नेपल्समध्ये समुद्र रस्त्यांवर आला, जुन्या धक्क्याचा भाग तुटला. आमच्या खालच्या मजल्यावर मिशिगनच्या एक आजी राहतात. मी त्यांना मनात आजीच म्हणतो. तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. नवरा इथे आल्यावर सहा वर्षांनी गेला. मुलगा सिअॅटलला. गाव सोडून जायची सूचना आली तेव्हा म्हणाल्या, "कुठे जाऊ? आणि मांजर?"

मी त्यांना मांजरासकट वर आणलं. वीज जायच्या आधी मुगाची खिचडी टाकली. त्यांनी विचारलं, हे आजारी माणसाचं जेवण आहे का. मी म्हटलं, आजारी, दमलेल्या आणि घाबरलेल्या माणसाचं. दोन वाट्या खाल्ल्या. खाली पाणी पार्किंगमध्ये चढत होतं. गाड्यांचे अलार्म एकेक करून वाजले आणि बुडून बंद झाले. त्यांच्या मुलाचा सिअॅटलहून दर अर्ध्या तासानं फोन येत होता. मग नेटवर्क गेलं. त्या म्हणाल्या, "आता तो नकाशे बघत बसेल."

मी काही बोललो नाही. बोलता येईना.

पाणी त्यांच्या उंबरठ्याला लागून उतरलं. फ्लोरिडात इयाननं मारलेल्या माणसांत बहुतेक साठीच्या पुढची होती, हे आम्हाला नंतर बातम्यांतून कळलं. पंधरा दिवसांनी आजींनी मला त्यांच्या घराची किल्ली दिली. "राहू दे तुझ्याकडे," एवढंच म्हणाल्या.

श्रीवर्धनच्या आमच्या घराची किल्ली गेली कित्येक वर्षं दादाकडे आहे. आई-बाबा कुठे गावाला गेले की तो दिवा लावतो, वाडीला पाणी सोडतो.

सात मिनिटं, चार तास

गेल्या वर्षी मे महिन्यात आजी न्हाणीघरात पडल्या. गळ्यात एक बटण असतं, ते दाबलं. अँब्युलन्स सात मिनिटांत दारात. मी किल्लीनं दार उघडून देईपर्यंत स्ट्रेचर उतरलेलं होतं. दवाखाना अकरा मिनिटांवर. खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. मुलगा तिसऱ्या दिवशी आला, पाच दिवस राहिला. जाताना मला मिठी मारून रडला. मला त्याचा रागही आला आणि त्याच्या जागी मीच उभा आहे असंही वाटलं.

कारण त्याच वर्षी जानेवारीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. रात्रीचे दोन. आईनं मला नाही, दादाला फोन केला, आणि बरोबर केलं. गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला, गोळी दिली आणि पनवेलला न्या म्हणून सांगितलं. दादानं त्याच्या ईकोच्या मागच्या सीटवर गादी टाकली. म्हसळा, माणगाव, आणि मग ते वर्षानुवर्षं खोदलेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम. चार तास. मी इथे दुपारच्या मीटिंगमध्ये होतो. आई गाडीतून मेसेज करत होती: "माणगाव आलं." "पेण गेलं." मी कॅमेरा बंद करून ते वाचत होतो आणि कोणीतरी स्क्रीनवर पुढच्या तिमाहीचा आराखडा दाखवत होतं.

स्टेंट टाकला, बाबा वाचले. मी गेलो नाही. माझ्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का नव्हता. गेलो असतो तर शिक्क्याची तारीख मिळेपर्यंत अडकलो असतो, आणि नोकरी तोवर थांबलीच असती असं नाही. हे कारण खरं आहे. बाबांनाही पटलं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

मी दादाला पैसे पाठवले. पेट्रोलचे, टोलचे, आणि वर थोडे. त्यानं पेट्रोलचे ठेवले, बाकीचे परत केले. फोन करून म्हणाला, "मला पगार देतोस काय रे?"

मला तेव्हा वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. आता वाटतं, ते सोयीचंही होतं. त्याच्या मनाचा मोठेपणा माझ्या सोयीचा होता. इथे आजींकडे आठवड्यातून चार दिवस एक हैतीची बाई येते. तिचा तासाचा दर ठरलेला आहे, तो महिन्याच्या बिलात छापून येतो. सोसायटीचा खर्च आणि विमा वाढल्यापासून आजी ते बिल दोनदा वाचतात. त्या बाईची आई हैतीत एका शेजारणीच्या भरवशावर आहे, हे तिनंच मला जिन्यात सांगितलं. म्हणजे आजींना ती बघते, तिच्या आईला शेजारीण बघते, आणि त्या शेजारणीचे पैसे कुणाच्याच बिलात येत नाहीत. दादाचेही आले नाहीत. आपण त्याला शेजारधर्म म्हणतो आणि विषय संपवतो.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. गावात राहिला म्हणून त्याचं लग्न जमायला वेळ लागला. मुलगा श्रीवर्धनलाच असतो म्हटलं की स्थळं परत जायची. पर्यटकांना दोन खोल्या भाड्यानं देतो, गाडी चालवतो, आणि पाच घरांतल्या दहा म्हाताऱ्यांची औषधं, गॅस, बँक, आधार कार्ड बघतो. आम्ही बाहेर गेलेली पोरं त्याला 'गावाकडचा' म्हणतो. आम्हाला बाहेर जाता आलं, कारण तो गेला नाही.

नेपल्सबद्दल इथले तरुण तक्रार करतात, की या गावानं पैसे टाकून माणसं विकत घेतली आणि राहायला जागा दिली नाही. तक्रार खरी आहे. सकाळची रांग मी रोज बघतो. पण आम्ही तर पैसेही टाकले नाहीत.

शिकागो

हे सगळं शीटमध्ये बसत नाही. तरीही मी एक तिसरा कॉलम करून बघितला: श्रीवर्धन. फायदे: आई, बाबा, मासे, समुद्र, नेट आता बरं आहे. तोटे: माझ्या वयाचं कोणी नाही, आठनंतर सामसूम, नोकरी नाही, मोठा दवाखाना चार तासांवर. यातले पहिले दोन तोटे मी नेपल्सच्या कॉलममधून कॉपी केले.

दोन रविवारांपूर्वी आजींना ऑफरबद्दल सांगितलं. वाईट वाटेल म्हणून मी बराच घोळ घातला. त्यांनी मांजरावरचा हात काढला नाही.

"जा की. या वयात इथे काय करतोस? मला तर कधीच कळलं नाही."

"किल्लीचं काय करू?"

"हुकाला लावून ठेव. तुझ्या आधी वर जो मुलगा होता, त्याच्याकडे होती. त्याच्या आधी एक नर्स होती. मिळतं कोणीतरी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "प्रत्येक वेळी मिळेल असं नाही. पण आतापर्यंत मिळालं."

मला वाटत होतं ती किल्ली खास मला दिलेली आहे. त्या मुलाच्या आधीची नर्स, तिच्या आधी कोण, कोणास ठाऊक. किल्ली तीच, माणसं बदलत गेली.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईच्या घराची किल्ली कोणाकडे असते?"

मी सांगितलं.

"त्याला विचारलंस का, तो काय करणार आहे ते?"

नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत मी दादाला फोन करून विचारलेले प्रश्न दोनच. बाबा कसे आहेत, आणि आईला दवाखान्यात नेलंस का.

त्या रात्री, म्हणजे तिथल्या सोमवारी सकाळी, त्याला फोन केला. त्यानं उचलताच विचारलं, "काय झालं रे? काका आहेत बरे, आत्ताच वाडीत बघितलं." बाबांनी निसर्गनंतर लावलेली सुपारी आता पुरुषभर उंचीच्या वर गेली आहे. झाड हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात. लावली तेव्हा बाबा बासष्टचे होते.

म्हटलं, "बाबांचं नाही. तुझं विचारतोय. तुझं काय चाललंय?"

तो एवढा वेळ गप्प राहिला, की मला वाटलं फोन कटला.

मग बोलला. मुलगी यंदा पहिलीत गेली. बायकोचं म्हणणं, शाळेसाठी पनवेलला जाऊ. तिच्या भावाच्या ओळखीनं गोदामात सुपरवायझरची नोकरी आहे. पगार फार नाही, पण दर महिन्याला येतो. खोल्यांचं भाडं पावसाळ्यात चार महिने बंद असतं. त्यानं हे माझ्या आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. "काकूंना कसं सांगायचं तेच समजत नाही," असं म्हणाला, म्हणजे जणू त्याच्या हातून काही गुन्हा होतोय.

मी म्हटलं, "जा." आजींनी मला जसं म्हटलं तसंच म्हणायचा प्रयत्न केला. माझा आवाज तसा लागला नाही.

पैशांची गोष्टही काढली. म्हटलं, आळीतली आम्ही पाच घरांतली पोरं मिळून दर महिन्याला काही ठरवू. पगार म्हण, काहीही म्हण. तू राहिलास तर तुला, गेलास तर तुझ्याजागी जो कोणी करेल त्याला. या वेळी तो चिडला नाही. "बघू," म्हणाला. "आधी तुम्ही पाच जण एकमेकांशी बोला तरी." आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर शेवटचा मेसेज गणपतीचा आहे, मागच्या वर्षीचा.

मी त्यावर लिहिलंय. दोघांनी अंगठा दाखवलाय, एकानं विचारलंय की किती.

शिकागोला सोमवारी कळवायचं आहे. शीटच्या सगळ्यात खाली मी एक ओळ घातली आहे, 'किल्ली', आणि तिच्यासमोरचे तिन्ही रकाने रिकामे आहेत.

फोन ठेवताना दादाला विचारलं होतं, कधी जाणार.

"पंधरा तारखेला खोली बघायला जातोय पनवेलला," तो म्हणाला. "तोवर आहे मी."